मापाला हात लावायचा नाही

पडणारी कोणतीही वस्तू अक्कांच्या देखत जमिनीपर्यंत पोहोचलेली मी पाहिली नाही. चहाचा कप टेबलाच्या कडेवरून कलंडला, की तो फुटायच्या आत अक्कांच्या हातात असायचा. सलाइनचा स्टँड, डॉक्टरांच्या गळ्यातून घसरलेला स्टेथोस्कोप, आईचा डोळा चुकवून बाकावर चढलेलं पोर, सगळं त्या वरच्या वर झेलायच्या. एरवी ही बाई संथ. पन्नाशी कधीच मागे पडलेली, अंगानं चांगली भरलेली, जिना चढताना मध्ये दोनदा थांबणारी. पण काही पडायला लागलं की तिचे हात तिच्याआधी तिथं पोहोचायचे. सगळं हॉस्पिटल या हातांचं कौतुक करायचं. याच हातांनी एक दिवस त्यांची नोकरी धोक्यात आणली.

पौड रस्त्यावरच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात अक्का अपघात विभागाच्या मुख्य सिस्टर होत्या. मी लातूरकडची, नुकतीच नर्स होऊन आलेली. राहायला जागा नव्हती, तेव्हा अक्का म्हणाल्या, "माझ्याकडं खोल्या हायेत की. पोरं राहत्यात कॉलेजची. एक तुझी." लवळ्याला त्यांचं घर. जमिनीचा काही भाग विकून त्या पैशांत दिरानं वर दोन मजले चढवले होते आणि प्रत्येक खोलीत दूरदूरच्या गावांची मुलं भरली होती. ही मुलं सुरुवातीला त्यांना आंटी म्हणायची. अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. पोरगं "अक्का" म्हणालं की मग त्याला भाकरी मिळायची. आठवड्याभरात सगळी ताळ्यावर यायची.

अक्कांना घड्याळाचा भारी राग. म्हणजे स्वतः त्या वेळेवर यायच्या, पण पेशंटच्या घरच्यांना "किती वाजता झालं?" असं कधी विचारायच्या नाहीत. "घाबरल्याली मानसं घड्याळ बघत न्हाईत," असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्या विचारायच्या, एसटी गेली होती का, शाळा सुटली होती का, मोटर चालू होती का. आमच्या भागात माणसाची एक बाजू लुळी पडली की 'अंगावरनं वारं गेलं' असं म्हणतात. वारं गेलेल्या माणसाला पूर्वी लोक दिवसभर तेल चोळत बसायचे आणि मग संध्याकाळी टेम्पोत घालून आणायचे. अक्का त्यांना ओरडायच्या नाहीत. नंतर माझ्याजवळ मात्र तावातावानं बोलायच्या.

याच वारं गेलेल्या माणसांसाठी आमच्या हॉस्पिटलनं नवी सोय करायचं ठरवलं. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती विरघळवणारं इंजेक्शन असतं. पण ते ठरावीक वेळेतच द्यावं लागतं आणि त्याआधी पेशंटची नीट तपासणी करून गुण मांडावे लागतात. हात किती उचलतो, चेहरा किती वाकडा झाला, बोलणं किती अडतं, प्रत्येकाला गुण. त्या बेरजेवर आणि डोक्याच्या स्कॅनवर पुण्यातले मेंदूचे डॉक्टर फोनवरून निर्णय घेणार. ही गुण देण्याची पद्धत शिकून अपघात विभागातल्या प्रत्येकानं प्रमाणपत्र मिळवायचं होतं. ज्याला मिळणार नाही, त्याची बदली वॉर्डात. आणि मुख्य सिस्टरकडेच प्रमाणपत्र नसेल तर मुख्य सिस्टर दुसरी. अक्कांच्या निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती.

"वॉर्डात जाऊन काय करू? चादरी मोजू?" अक्का म्हणाल्या. "ह्या दारातनं आत आले, ह्याच दारातनं घरी जानार." बोलताना हसत होत्या, पण मी त्यांच्या घरात राहत होते. त्या संध्याकाळी त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं.

प्रशिक्षणाचा पहिला भाग कॉम्प्युटरवर होता. पडद्यावर खरे पेशंट दिसायचे, त्यांच्या हालचाली पाहून आपण गुण द्यायचे. अक्का अभ्यासाला बसल्या की चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा आणि मान पुढे. पडद्यावरचा एक गोरा म्हातारा दोन्ही हात उचलून धरायचा आणि त्याचा उजवा हात हळूहळू खाली यायला लागायचा. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा अक्कांनी चटकन पडद्याला हात लावला. आम्ही सगळ्या हसून बेजार झालो. त्यांनी मागे वळून असं पाहिलं की हसू जागीच गिळावं लागलं. तरी या भागात त्या आमच्यात सगळ्यात जास्त गुणांनी पास झाल्या, कारण काचेपलीकडचा हात काही धरता येत नाही.

दुसरा भाग प्रत्यक्ष परीक्षेचा. पुण्याहून एक परीक्षक मॅडम यायच्या. बारीक, टापटीप, प्रत्येकाला 'आपण' म्हणणाऱ्या, आणि त्या 'आपण'मध्ये कधी बर्फ असायचा तर कधी साखर. पेशंट म्हणून खाटेवर आमचा ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर शकीलभाई झोपायचा. तो पौडचा, हौशी माणूस. मॅडम कानात सांगतील त्या बाजूनं तो लुळा पडायचा, आणि असा पडायचा की पाहणाऱ्यानं डॉक्टरांना हाक मारावी.

अक्कांनी सुरुवात झोकात केली. मग शकीलभाईला विचारलं, "आता महिना कुठला चाललाय?" तो छताकडं बघायला लागला. ओठ हलवू लागला, डोळे केविलवाणे केले. अक्कांचा जीव वरखाली. शेवटी राहवेना, त्या हळूच म्हणाल्या, "आरं, पोळा झाला ना परवा..." मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"सिस्टर, आपण पेशंटला कॉपी पुरवताय."

पुढं हाताची पाळी आली. पेशंटनं डोळे मिटून हात उचलून धरायचा, आपण मोठ्यानं दहापर्यंत मोजायचं आणि त्या वेळात हात किती खाली येतो ते फक्त पाहायचं. शकीलभाईचा डावा हात पाचच्या आसपास डुगडुगला, आणि सहा म्हणायच्या आत तो अक्कांच्या दोन्ही हातांत होता. अलगद, लहान मूल धरावं तसा.

"आपण हात धरलात," मॅडम म्हणाल्या. "आता मला सांगा, हा हात नुसता झुकला असता की खाटेवर पडला असता?"

अक्कांनी शकीलभाईचा हात हळूच खाटेवर ठेवला.

"ते आता कुणालाच कळणार नाही. झुकण्याचे गुण वेगळे, पडण्याचे वेगळे. पुण्यातल्या डॉक्टरांना पेशंट दिसत नाही, फक्त आपला आकडा दिसतो. आपल्या मायेनं तो आजारी माणूस कागदावर बरा दिसायला लागतो, आणि कदाचित त्याचं इंजेक्शन हुकतं."

अक्का नापास झाल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी ओठ घट्ट मिटून महिन्याचा प्रश्न निभावला, पण हात पुन्हा धरला. पडायच्या आधीच धरला. मॅडमना वाईट वाटलेलं दिसत होतं. "दिवाळीनंतर एकदा येईन," त्या म्हणाल्या. "ती शेवटची. त्यानंतर मला तसं लिहून द्यावं लागेल."

मग लवळ्याच्या त्या घरात जो सराव सुरू झाला त्याला तोड नव्हती. अक्का दिसेल त्याला हात वर करायला लावायच्या. भाडेकरू मुलं भाड्याचं बोलायला आली की आधी दोन्ही हात वर. गॅसवाला, केबलवाला, कुणी सुटला नाही. एकदा जमिनीचा सौदा करायला हिंजवडीहून एक एजंट आला होता, पांढऱ्या बुटांतला. अक्का त्याच्यापुढं उभ्या राहून करड्या आवाजात म्हणाल्या, "दोन्ही हात वर करा. डोळे मिटा." त्यानं बिचाऱ्यानं केले. तो डोळे मिटून उभा असताना अक्कांच्या दिरानं बाहेर येऊन त्याला विचारलं, "काय ओ, कुणाच्या बंदुकीपुढं उभं हाय का तुमी?" एजंट परत आला नाही. दीर दोन दिवस अक्कांशी बोलला नाही.

गंमत सोडा, पण सरावाचा उपयोग होत नव्हता. धडधाकट माणसाचा हात खाली येत नाही, म्हणून अक्का छान उभ्या राहायच्या. मी मुद्दाम हात पाडला की झेललाच. पुन्हा पाडला, पुन्हा झेलला. त्या स्वतःवरच चिडायच्या. हात पाठीमागे बांधून पाहिले, पदरात गुंडाळून पाहिले. एका संध्याकाळी त्या पायरीवर मटकन बसल्या आणि मला सासऱ्यांचं सांगितलं.

लग्न होऊन त्या घरात आल्या त्यानंतर लवकरच सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी खाचरात गेलेला माणूस बांधावर आडवा सापडला. घरच्यांनी तेल चोळलं, शेक दिला, अंगारा लावला. दवाखाना दुसऱ्या दिवशी. पुढं किती तरी वर्षं ते ओट्यावर पडून होते. त्यांचा डावा हात उचलून अंघोळ घालायची, सदरा घालायचा, आणि तो मांडीवर नीट ठेवायचा. नाही ठेवला तर तो ओट्याच्या कडेवरून लोंबायचा आणि सासरे त्याच्याकडं पाहून रडायचे.

"त्यो हात पडला की ते रडायचे बग," अक्का म्हणाल्या. "म्हनून मी पडूच देत न्हवते. पोरी, माजं डोकं ऐकतंय गं. हे हात ऐकत न्हाईत."

मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मी नुसती शेजारी बसले.

दिवाळी झाली, भात झोडून झाला. त्या घरची इंद्रायणी घ्यायला पुण्याहून ठरलेली गिऱ्हाइकं येतात. त्यांच्यासाठी अक्का अजून तांदूळ पायलीनं मापून देतात. काटा दिरानं आणून ठेवलाय, तो कोपऱ्यात पडून असतो. अक्का मापायला बसल्या की कुणी बोलायचं नाही. पहिल्या मापाला त्या 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असा संथ सूर. प्रत्येक पायलीवर तांदळाची अशी शीग चढवायची की आणखी दाणा ठरणार नाही. त्या दिवशी पोतं धरायला मी बसले होते. अक्कांनी पायली उचलली, शिगेवरचे दाणे एका बाजूनं ओघळायला लागले, आणि मी ते अडवायला ओंजळ पुढं केली.

अक्कांनी माझ्या हातावर चापट मारली.

"हात काड. मापाला हात लावायचा न्हाई."

"अहो, पण तांदूळ सांडतोय."

"सांडू दे. सांडल त्यो सांडल, ऱ्हाईल त्ये माप. तुजा हात लागला की माप खोटं. घेनाराला बी फसवलं नि देनाराला बी."

मला हसू आलं. "अक्का," मी म्हटलं, "शकीलभाईचा हात काय वेगळा असतो?"

त्यांनी पायली खाली ठेवली. गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, पण अक्का माझ्याकडं बघत बसल्या. मग कधी नव्हे ते त्यांचं मोजणं चुकलं आणि सगळं पोतं पुन्हा पहिल्यापासून मापावं लागलं. त्या वेळी त्यांनी लाभ म्हटलं ते जरा मोठ्यानंच.

तिसऱ्या परीक्षेला मॅडमनी कसलीच दयामाया ठेवली नाही. शकीलभाईला खाटेच्या अगदी कडेला झोपवलं आणि त्याच्या डाव्या बाजूला, हात पडेल तिथंच, स्टीलचा ट्रे मांडला. पडला तर हाताला लागणार, हे आंधळ्यालाही कळलं असतं. आम्ही सगळ्या दाराच्या फटीतून पाहत होतो. अक्का खाटेजवळ गेल्या. डोळे मिटायला सांगितले. दोन्ही हात वर करवले. आणि तांदूळ मापायच्या सुरात सुरुवात केली.

"लाभ. दोन. तीन."

मॅडमनी चमकून वर पाहिलं. शकीलभाईचा हात थरथरू लागला. चार. हात झुकला. पाच. अक्कांचे हात कमरेपर्यंत उचलले गेले आणि तिथंच थांबले. बोटं पसरलेली, पण जागच्या जागी. सहा. शकीलभाईनं हात सोडून दिला. तो ट्रेवर असा आदळला की खोलीभर आवाज झाला. शकीलभाईच्या तोंडून एक अस्सल शिवी निघाली. अक्का हलल्या नाहीत. त्यांनी हाताचे गुण लिहिले, पुढचं सगळं रीतसर तपासलं, बेरीज केली आणि कागद मॅडमपुढं ठेवला. मग विचारलं, "आता धरू का?"

"आता धरा," मॅडम म्हणाल्या.

अक्कांनी शकीलभाईचा हात घेतला आणि लागलेल्या जागी फुंकर घातली. मॅडम कागद पाहून म्हणाल्या, "बरोबर आहे. सगळं बरोबर आहे." आणि थोडं थांबून, "ते लाभ काय होतं?"

"आमच्याकडं मापाला तसंच म्हनत्यात," अक्का म्हणाल्या. "नियमात बसत न्हाई का?"

मॅडम पहिल्यांदाच मनापासून हसल्या. "मोजून दहा भरले. नियमाला तेवढंच हवंय."

त्या दिवशी शकीलभाईनं सगळ्या हॉस्पिटलला भजी खिलवली, स्वतःचा सुजलेला हात मिरवत.

प्रमाणपत्र भिंतीवर लागून फार दिवस झाले नव्हते. एक दिवस मुठा गावाहून तात्या नावाच्या पेशंटला आणलं. साठीचे शेतकरी, धोतर चिखलानं भरलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं जड. सून घाबरून नुसती "मघाशी, मघाशी" म्हणत होती. अक्कांनी तिचा खांदा धरला.

"दुधाची गाडी आली तवा बोलत हुते का गं?"

"व्हय. गाडीवाल्यासंगं भांडत हुते. दुदात पानी हाय म्हनाला म्हनून."

"नीट भांडत हुते? का अडखळत?"

"नीट. लई नीट. शिव्या सुदीक नीट."

अक्कांनी गाडीवाल्याला फोन लावायला सांगितला. त्यानं वेळ सांगितली, वर शिव्यांची साक्षही दिली. इंजेक्शन द्यायला अजून वेळ हातात होता. मग अक्का तात्यांच्या उशाशी उभ्या राहिल्या. "तात्या, डोळं मिटा. हात वर." लाभ, दोन, तीन. तात्यांचा डावा हात झुकला आणि चादरीवर पडला. तात्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. मी अक्कांकडं पाहिलं. त्या तात्यांच्या हाताकडं पाहत होत्या, पण मला वाटतं त्यांना ओट्यावरचा दुसराच हात दिसत असणार. त्यांनी मोजणं पूर्ण केलं. दहापर्यंत. एकही आकडा न गाळता सगळे गुण लिहिले. स्कॅन झालं, आकडा पुण्याला गेला, तिथून होकार आला आणि इंजेक्शन सुरू झालं. मग त्या तात्यांजवळ स्टूल ओढून बसल्या आणि तो हात उचलून मांडीवर घेतला. पाळी संपली तरी उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आल्या त्या थेट तात्यांकडं. चेहरा बराच सरळ झालेला. "तात्या, दात दाखवा."

"बत्तीशी घरीच ऱ्हायली," तात्या म्हणाले. शब्द थोडे जड, पण समजतील असे.

"ऱ्हाऊ द्या. हात दाखवा."

लाभ. दोन. तीन. सून तोंडावर पदर धरून उभी. सहा. सात. हात थरथरत होता, पण जागेवर होता. दहा म्हटल्यावरही तात्या हात खाली घेईनात, तेव्हा अक्का म्हणाल्या, "बास की, नवस बोललाय का?" त्यांनी हाताच्या रकान्यात शून्य लिहिलं. ते शून्य त्यांनी इतकं सावकाश आणि गोल काढलं, की मी नंतर पुन्हा जाऊन पाहिलं. मग त्या व्हरांड्यात गेल्या आणि खांबाला टेकून हमसून हमसून रडल्या. अक्कांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. मला इतका आनंद झाला होता की मीही रडत होते, हे शकीलभाईनं चहा आणून दिला तेव्हा कळलं.

पुढं आमच्याकडं शिकायला दुसऱ्या हॉस्पिटलच्या मुलीही यायला लागल्या. आता त्यांना मी शिकवते. प्रत्येक तुकडीत एखादी हात झेलणारी निघतेच. मी तिला ओरडत नाही. मी मोजायला सुरुवात करते, लाभ, दोन, तीन, आणि ती बावचळून माझ्या तोंडाकडं पाहते. तेवढ्यात शकीलभाईचा हात पडून जातो.

अक्का निवृत्त झाल्या त्या अपघात विभागातूनच, म्हणाल्या होत्या तशा त्याच दारातून. निरोपाला हॉस्पिटलची खालची मोठी खोली भरून माणसं. परीक्षक मॅडम आल्या होत्या, मुठ्याहून तात्या आले होते, नव्या टोपीत, बत्तीशीसकट. भाषणं झाली. अक्कांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर त्या माईकसमोर उभ्या राहून नुसत्या इकडंतिकडं पाहू लागल्या. मग एकदम म्हणाल्या, "मला बोलाय येत न्हाई. सगळ्यांनी दोन्ही हात वर करा."

डॉक्टर, सिस्टर, झाडूवाल्या मावश्या, लवळ्याची भाडेकरू मुलं, मॅडमसुद्धा, सगळ्यांचे हात वर गेले. अक्का मोजू लागल्या. लाभ म्हणताना आवाज नेहमीचा होता, सातपर्यंत जाताना फाटला, तरी त्यांनी दहापर्यंत नेलं. मोजून झालं तरी कुणी हात खाली घेईना. पुढच्या रांगेत तात्यांचा डावा हात सगळ्यांत उंच होता.

अक्का स्टेजवरून उतरल्या. मध्ये एकदाही न थांबता तात्यांपाशी गेल्या आणि त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. पडत नसलेला हात अक्कांनी धरलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.